आमचा अनुभव जयंतीपुरता नाही!

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना आमची आठवण वर्षातून दोनदा येते. १४ एप्रिलच्या आधी आणि ६ डिसेंबरच्या आधी. फोन येतो, "सर, काहीतरी हृदयस्पर्शी लिहा, आठशे शब्द, परवापर्यंत." उरलेले वर्षभर शेती, बँका, अर्थसंकल्प यांवर लिहायला दुसरे 'तज्ज्ञ' असतात. हे तज्ज्ञ कोण ठरवतो?

न्यूजलाँड्री आणि ऑक्सफॅम इंडिया यांनी २०१९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या माध्यमांतील नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. म्हणजे मुक्त लेखक म्हणून आपण प्रस्ताव पाठवतो, तेव्हा तो वाचणारा बहुधा आपल्या वस्तीत कधी आलेलाच नसतो. त्याला आपली ओळख आपणच करून द्यायची आहे. ती कशी करून द्यायची, हा लेखनाइतकाच राजकारणाचा प्रश्न आहे.

आम्ही १४ वर्षे एका बँकेच्या कर्ज विभागात काढली. २०१६ साली 'स्टँड-अप इंडिया' योजना आली. प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्ज द्यावे, असा तिचा उद्देश. फाईल कुठे अडते, हे आम्ही टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले. आणि जामीनदारासाठी दारोदार फिरणाऱ्या बापाचा हात धरून टेबलाच्या बाहेरच्या बाजूनेही पाहिले होते.

या विषयावर एका संपादकांना प्रस्ताव पाठवला. उत्तर आले, "विषय तांत्रिक आहे. त्यापेक्षा नोकरीत तुम्हाला जातीमुळे काय सोसावे लागले, ते लिहा." म्हणजे आमचे दुःख चालते, आमचे ज्ञान चालत नाही! आम्ही कळवले, सोसलेलेही लिहू, पण पुरावा म्हणून, दयेसाठी नाही. बाप जामीनदार शोधत फिरला म्हणूनच आम्हाला कर्जाच्या अर्जातला कोणता रकाना माणसाला परत पाठवतो ते कळले. तो लेख तिथे छापून आला नाही. दुसरीकडे आला, आणि पूर्ण मानधनासह आला.

लिहू पाहणाऱ्या आमच्या मुलामुलींना म्हणून सांगणे आहे. प्रस्ताव दीडशे शब्दांत बसवा. पहिल्या दोन ओळींत मुद्दा सांगा, विषयाची प्रस्तावना नको. हा लेख आत्ताच का, ते एका वाक्यात. तो तुम्हीच का लिहायचा, ते दोन वाक्यांत: एक तुम्ही जगलात त्याचे, एक तुम्ही केलेल्या कामाचे. नर्स असाल तर वॉर्डातल्या रात्रपाळ्या लिहा, वायरमन असाल तर खांबावरची वर्षे लिहा. पदवी नसेल म्हणून दबू नका. कामाची वर्षे हीसुद्धा पात्रताच आहे. कोणाशी बोलणार, कोणते कागद पाहणार, किती शब्द, कधी देणार, हे स्पष्ट करा. आठवड्याने एकदा आठवण करून द्या. नकार आला तर त्याच दिवशी दुसरीकडे पाठवा.

आणि मानधन विचारा. "तुम्ही चळवळीतले, तुम्हाला पैसे कसले?" असे ऐकावे लागेल. चळवळीच्या अंकाला आम्ही आजही फुकट लिहितो, लिहीत राहू. पण जाहिरातींवर नफा कमावणारे दैनिक ही चळवळ नव्हे. तिथे फुकट राबणे म्हणजे वेठबिगारीच.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही 'केसरी'ने नकार दिला होता. त्याच बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. बहिष्कृतांची वेदना आणि चलनाचे अर्थशास्त्र, दोन्ही एकाच लेखणीतून आले. एकासाठी दुसरे सोडा, अशी अट त्यांनी कोणाची मानली नाही.

आपण तरी का मानावी? जयंतीचा लेख जरूर लिहू. पण अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचा लेखही आमच्याकडूनच मागा. तुम्ही मागत नसाल, तर आम्ही पाठवतो आहोत. वाचून उत्तर द्या.

जय भीम!