अंबाडीचा रंग

परवा गोंदियात शेजारणीनं लाल अंबाडीच्या सरबताचा ग्लास हातात दिला आणि मी तो तसाच खाली ठेवला. लहानपणी ह्याच सरबतासाठी दादाशी भांडायची मी. आता तो रंग काचेत दिसला की बाबांच्या खाटेला टांगलेली लघवीची पिशवी आठवते.

बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन नागपूरला झालं. दुर्बिणीतून, बाहेर एक टाका नाही. सुटीच्या कागदावर एकच ओळ, 'त्रास झाल्यास यावे'. त्रास म्हणजे कोणता, ते लिहायला शाई कमी पडली होती का? त्या ओळीवरचा राग अजून गेलेला नाही. सांगितलं ते रात्रपाळीच्या सिस्टरनं, पिशवीकडे बोट दाखवून. गुलाबी चालेल, पाणी वाढवा. घट्ट लाल, गाठी, थंडी वाजून ताप, अंडकोषाला सूज, एकच पोटरी दुखून फुगली, धाप लागली, की निघा. लघवी अडली तर सकाळची वाट पाहू नका.

बाबांनी नेमकी तीच पाहिली.

बारावा दिवस होता. आतली खपली दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास सुटते. वजन उचललं, कुंथलं, की पुन्हा रक्त. अंगणात चुरणी आटोपलेली. गडी उशिरा आला म्हणून बाबांनी धानाचं पोतं स्वतःच ओढलं. रात्री चारदा उठले. मी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही व बाई, झोप तू." लेकीला लघवीचा रंग कसा सांगायचा? पहाटे ओटीपोट दगडासारखं टणक झालं, तेव्हा जीप शोधली. गोंदियाला जाड नळी घालून सलाइननं मूत्राशय धुतलं. गाठी निघाल्या. बाबा तिथंच घोरायला लागले.

पीटर फ्रेयर नावाचा आयरिश डॉक्टर इंग्रजांच्या नोकरीत भारतात मूतखडे फोडायचा. पुढं लंडनला जाऊन १९०० साली त्यानं पोटातून मूत्राशय उघडून, बोटानं प्रोस्टेट उकलून काढली. हा मध्येच कुठून आला? एवढ्यासाठीच, की त्याच्या रोग्याला पोटावरची जखम तरी दिसायची. बाबांना काहीच दिसत नव्हतं, म्हणून ते बरे झाले होते.

यंदा दादाचं तेच ऑपरेशन झालं. फोनवर तो धानाचा भाव सांगतो, पावसाचं सांगतो. काल रात्री अकराला मात्र नुसता एक फोटो आला. खिडकीत ठेवलेली काचेची बरणी, मागं ट्यूबलाइट. शब्द एकही नाही.

मी चष्मा लावून, मोठा करून पाहिला. गुलाबीच.

'पाणी पी,' एवढंच लिहिलं, आणि वहिनीला फोन लावला.