रविवार जरा…

जपानीच्या पहिल्या वर्गात बाईंनी फळ्यावर शिडी काढली. वरच्या पायरीवर 'योकु', म्हणजे चांगलं; मग 'दाइताइ', बहुतेक; मग 'सुकोशी', थोडं; त्याखाली 'आमारी', आणि तळाशी 'झेनझेन'. शेवटच्या दोघांनंतर क्रियापद नकारार्थीच हवं. आम्हा मराठी मुलांना यात नवल वाटलं नाही. 'मला फारसं येतं' असं कुठे म्हणतो आपण? 'फारसं' म्हटलं की 'नाही' आलंच. 'आमारी वाकारिमासेन', फारसं कळत नाही. 'झेनझेन वाकारिमासेन', मुळीच कळत नाही. पुण्यातल्या त्या वर्गात ही दोन वाक्यं आम्ही भरपूर वापरली.

'चोत्तो' शिडीवर नव्हता. 'बोलण्यातला सुकोशी' एवढंच सांगून बाई पुढे गेल्या. तो लिहायला कधी कधी 'एक सुन' अशी चिन्हं वापरतात. सुन हे जुनं माप, सुमारे ३ सेंटिमीटरचं. पुढे नागोयाकडच्या कारखान्यात दुभाषी म्हणून बसू लागले, तेव्हा एवढ्याशा जागेत काय काय मावतं ते दिसलं. आपल्याकडचे साहेब तारीख अलीकडे आणा म्हणत. समोरचे गृहस्थ दातांतून हवा आत ओढत, मान कलती करत आणि म्हणत, "चोत्तो मुझुकाशीई देसु ने." शब्दशः, जरा अवघड आहे. साहेबांचा चेहरा उजळे. जराच ना, मग होईल की! मी हळूच सांगे, "सर, नाही म्हणताहेत."

आमंत्रण टाळताना तर वाक्यही पुरं करत नाहीत. 'रविवार चोत्तो…' म्हणून थांबायचं. ऐकणाऱ्यानं कारण विचारायचं नाही. मला हे परकं वाटलं नाही. लग्नाच्या बोलण्यांत पलीकडून 'पत्रिका जरा…' असं आलं की आमच्या आजीला पुढचं ऐकावं लागत नसे.

दुकानात हाच थोडेपणा अदबीनं 'शोओशो' होतो. "शोओशो ओमाची कुदासाई", किंचित थांबावं. स्वयंपाकात मात्र त्याला चक्क माप आहे. मीठ 'शोओशो' म्हणजे अंगठा आणि तर्जनीत मावेल तेवढं. तीन बोटांची चिमूट झाली की ती 'हितोत्सुमामी'. आईच्या 'चवीपुरतं'पेक्षा मला हे बरं वाटलं, कारण चव कुणाची हे तिनं कधीच सांगितलं नाही.

आता मी शिकवते. मुलं अॅनिमे बघून येतात आणि विचारतात, तिथे 'झेनझेन दाइजोबु' म्हणतात, म्हणजे अगदी ठीक. मग नकार कुठे गेला? प्रश्न रास्त आहे. नात्सुमे सोसेकीच्या १९०६ सालच्या 'बोच्चान' कादंबरीतही 'झेनझेन' नकाराविना येतो, तेव्हा हे आजच्या पोरांचं खूळ म्हणून नाकं मुरडण्यात अर्थ नाही. हे सगळं मी त्यांना मोकळेपणानं सांगते. परीक्षेत मात्र नकारच लिहा, म्हणते.