शिंगणापुरची चौकट

नगरहून निघालेला मोठा रस्ता घोडेगांवीं सोडून आम्ही शिंगणापुराकडे वळलों, तेव्हां दिवस कासराभर वर आला होता. शनैश्वराची ती साडेपांच फुटांची कृष्णशिला उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. वर छप्पर नाहीं, भोंवतीं गाभारा नाहीं. दर्शन घेऊन गांवांत हिंडूं लागलों. घरांना चौकटी असाव्या, पण कवाडें नसावीं, ही येथील जुनी रीत. आतां ती कोठें कोठें शिथिल झाली आहे. तरी २०११ सालीं येथें बँकेची शाखा निघाली, तीहि कुलुपावांचून.

अशाच एका चौकटींतून पलीकडचें शेत दिसलें. काळी भुई, उंसाची हिरवी पट्टी, दूर बाभळी, आणि वर निव्वळ प्रकाश. आम्हांस कोल्हापुरच्या आबालाल रहिमानांचें स्मरण झालें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेला व शाहू महाराजांच्या आश्रयास राहिलेला हा चित्रकार १९३१ सालीं निवर्तला. कोटितीर्थाचें पाणी त्यानें पुनःपुन्हां रंगविलें. जलरंगांत उजेडासाठीं पांढरा रंग लावीत नाहींत. कागदच कोरा राखतात. ओल्या कागदावर रंग सोडला म्हणजे तो पसरून धुकें होतें. कोरडा कुंचला खरबरीत कागदावरून झरकन् ओढला म्हणजे मधले कण कोरे राहून पाणी चमकूं लागतें. आमचे साहित्यशास्त्रकार जिला व्यंजना म्हणतात, ती हीच. शब्दांनीं न सांगितलेलें तेंच मनास जाऊन भिडतें.

हें सारें आम्हांस फार उशिरां कळलें. पस्तीस वर्षांमागें वर्गांतील एका शेतकऱ्याच्या मुलानें आपलें शेत रंगविलें आणि आभाळ तसेंच सोडलें. आम्हीं तांबड्या शाईनें 'अपूर्ण' असें लिहिलें. "गुरुजी, तिथं ऊन आहे," तो हळूच म्हणाला. आम्हीं तें ऐकलें नाहीं. समोर बसवून निळा रंग भरावयास लाविलें. पुढें तो मुलगा फळ्यावरचें तेवढें उतरून घेई. मनचें चित्र त्यानें पुन्हां काढलें नाहीं.

शनि कर्माचा हिशेब मागतो, असें म्हणतात. परततांना त्या छप्पर नसलेल्या देवापुढें आम्हीं पुन्हां हात जोडले, ते त्या मुलासाठीं. वाचकांच्या घरीं एखाद्या बालकानें कागद कोरा सोडला, तर रंगाची डबी पुढें करण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें, "बाळ, येथें काय आहे?"