अंगणातली वारी
माउली, गुडघे थकले की वारी सुटते आणि मन खचतं. वाटूरला आमच्या आईचं तसंच झालं. गावची दिंडी निघाली त्या दिवशी ती जेवलीच नाही.

आता ती रोज पहाटे तुळशीला पाणी घालते, वृंदावनाला धरून धरून पाच प्रदक्षिणा करते. पडसं-खोकला झाला तर तुळशीची पानं, आलं, गवती चहा नि गूळ उकळून घेते. ताप उतरला नाही तर मात्र दवाखाना; काढ्याने सगळं बरं होत नाही, हे ती जाणते. सांजेला दिवा लावून तिथेच हरिपाठ म्हणते. मग रात्री शांत झोप लागते.

तुमच्या घरी कोणी मागे राहत असेल, तर दिंडीला निघण्याआधी त्यांच्या दारी तुळस लावा.

रामकृष्णहरी!