गिरणेकाठच्या अस्थी

पाचोऱ्याच्या स्टेशनात नाशिककडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत कधी एखादे मुकाट कुटुंब उभे असते. थोरल्याच्या हातात, कापडाने तोंड बांधलेला लहानसा कलश. गर्दी आपण होऊन बाजूला सरते. गाठोड्यात काय आहे, हे कुणाला सांगावे लागत नाही. आपल्याकडे अस्थी म्हणजे माणूसच; त्याला गोदावरीत पोचवल्याखेरीज घरच्यांच्या जिवाला स्वस्थता नसते.

पाचोऱ्याहून भडगावमार्गे गिरणेच्या काठाने वर गेलो, की बहाळ लागते. १९५०नंतरच्या दशकात म. न. देशपांडे यांनी तेथील पांढर उकरली आणि नदीपलीकडे टेकवाड्यास ताम्रपाषाणयुगातील दफने उजेडात आणली. मृतांसाठी पुरलेली ती मडकी! तीन हजार वर्षांमागेही इथला माणूस आपली माणसे जपूनच मातीच्या स्वाधीन करीत होता.

त्या काठावर उभा असताना मला आठवली आफ्रिका. वाचक म्हणतील, कुठे गिरणा आणि कुठे आफ्रिका! पण दुवा आपल्या घरचाच आहे: इरावतीबाई कर्वे. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. गोऱ्यांचे श्रेष्ठत्व कवटीच्या असमान बाजूंतून सिद्ध व्हावे, ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी मात्र वंशाचा आणि त्या असमानतेचा संबंध नाही, असा निर्वाळा दिला.

माप खरे निघाले. पण कवट्या कुणाच्या? जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून बर्लिनला शेकडो कवट्या गेल्या होत्या. काही थडग्यांतून उकरलेल्या, काही फाशी दिलेल्यांच्या. त्यांतल्या २० कवट्या २०११ साली नामिबियाला परत मिळाल्या. हा रोग केवळ युरोपातलाच नव्हे. सदरलंड गावच्या सान व खोइखोइ लोकांपैकी नऊ जणांची हाडे खुद्द आफ्रिकेतल्या केप टाउन विद्यापीठात सुमारे शंभर वर्षे पडून होती. २०२३ साली वंशजांनी ती आपल्या भूमीत पुरली.

शास्त्राने हाडे मोजू नयेत, असे मी म्हणत नाही. तसे असते, तर आपल्याला टेकवाडा कळला नसता. पण मोजपट्टी लावण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: हे कुणाचे, आणि कुणाला विचारून आणले? टेकवाड्याच्या मृतांचे आप्त आज कुणी सांगू शकणार नाही. सदरलंडच्या काहींची तर नावेसुद्धा ठाऊक होती.