सालदार भुते

भुतांशी माझा परिचय जुना आहे. खानदेशात लहानपण गेलेल्या माणसाला तो करून घ्यावाच लागतो. गावाबाहेरचा पिंपळ कोणा मुंजाच्या नावावर असे आणि वेताळाच्या शेंदरी दगडापाशी आमच्या चालण्याचा वेग आपोआप वाढे. पण भुतांना कामाला लावण्याची रीतसर नियमावली असते, हे मला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गेल्या दिवाळीत, माझ्या नातवाने शिकवले.

पुण्याहून तो जळगावला आला तो एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा घेऊन. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. त्यात आमचे चिरंजीव मांत्रिक झाले होते! हाडे सापडली तर सांगाडा उठतो, प्रेत सापडले तर झोंबी. उठलेला गडी चोवीस तास हुकमात राहतो. ती मुदत संपण्याआधी मंत्र पुन्हा म्हटला, तर आणखी चोवीस तास. एका मंत्रात असे चार जण बांधून ठेवता येतात. विसरलात, की तो तुमचे ऐकायचा थांबला.

“आणि त्यांचं जेवणखाण?” मी विचारले.

“आजोबा, त्यांना काहीच लागत नाही. तीच तर मजा!”

आपल्याकडे झोंबी म्हणजे झटापट. हा झोंबी मात्र हैतीतून आला आहे. तिथल्या उसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांची धास्ती त्यात उतरली आहे: मेल्यावरही सुटका नाही, ही. आपला वेताळ बरा. सोमदेवाने अकराव्या शतकात सांगितलेल्या गोष्टींत तो प्रेतात शिरतो खरा, पण राबत नाही. राजालाच कोडी घालतो आणि शेवटी कपटी साधूपासून त्याला वाचवतोही.

मुदत, हुकूम, पुन्हा बांधणे... नातू सांगत होता आणि मला आखाजी आठवत होती.

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात आणि पुरणपोळी-आमरसाचा घास विस्तवावर टाकतात. त्याला आम्ही आगारी म्हणतो. आणि त्याच दिवशी सालदाराचे साल संपते, नवे ठरते.

एरंडोल-पारोळ्याच्या बाजूला आमची शेती होती. आमचा सालदार बावीस सालं आमच्याकडे होता. मी बारा वर्षांचा असताना, आखाजीच्या सकाळी तो ओट्याखाली उभा राहून आप्पांना म्हणाला, “मालक, यंदा माले सोडी द्या.” आप्पा रागावले नाहीत. त्यांनी फक्त वही मागवली. मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल फिटली नव्हती. माझे अक्षर चांगले, म्हणून नवे साल मीच लिहिले. त्याने अंगठा उठवला.

त्या पावसाळ्यात तो तापाने गेला. पुढच्या आखाजीला आप्पांनी पुन्हा वही मागवली. “लिही,” ते म्हणाले, “बापाची बाकी मुलाकडे.” मी लिहिले. सुवाच्य लिहिले. आप्पा शाबास म्हणाले. मुलगा माझ्याच वयाचा होता.

त्याने तीन सालं काढली. चौथ्या आखाजीच्या आदल्या रात्री, वही उघडण्याआधी, तो सुरतेला निघून गेला. वेठबिगारी बंद करणारा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७६ साली आला. आप्पा पुढे कितीतरी दिवस म्हणत, “इतकं केलं, पण उलटला!”

नातवाला मी हे सारे सांगितले. चकलीचा तुकडा हातात तसाच धरून तो ऐकत होता.

“त्याला सोडलं असतं तर?” त्याने विचारले.

“कापसाला एक गडी कमी पडला असता,” मी म्हणालो. मग जरा वेळाने, “दुसरा मिळाला असता.”

त्याने फासा मुठीत घेतला, पण टाकला नाही. त्या संध्याकाळी त्याचे सांगाडे मुदत संपून मोकळे झाले. खेळात तो हरला, असे कळते.

यंदाच्या आखाजीला मी आगारी टाकली. आजोबांची, आईची, आप्पांची. मग एक घास आणखी टाकला. सूनबाईने विचारले, “हा कोणाचा?”

मी त्याचे पूर्ण नाव सांगितले. वडिलांच्या नावासकट. दोनदा लिहिलेले होते, विसरणार कसे?