रात्रीसाठी बांधलेली खोली

खानदेशातल्या दीपनगरच्या परिसरात बागेत लाकडी खोली बांधायची म्हटलं की पहिला आक्षेप उन्हाचा येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे इंचभर फळीची भिंत काय कामाची? आक्षेप रास्त आहे. मी अशी खोली आणि तिच्यापुढची छपराखालची ओसरी स्वतः उभी केली, वापरली, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालं: खोली कशाची बांधायची हे ती कोणत्या प्रहरी वापरायची यावर ठरवावं. आपल्या विटा-स्लॅबच्या घरांना दुपार सांभाळता येते, रात्र सांभाळता येत नाही. लाकडी खोली बांधायची ती त्या रात्रीसाठी.

नऊ इंची भिंत आणि वरचा स्लॅब दिवसभर ऊन साठवतात आणि ती उष्णता काही तासांनी आत सोडतात. म्हणून दुपारी घरात थारा मिळतो, पण रात्री बाहेरची हवा निवली तरी भिंती तापलेल्या असतात. लाकडातून उष्णता विटेपेक्षा बरीच सावकाश जाते हे खरं, पण फळी पातळ असल्यामुळे तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. लाकडाचा खरा गुण म्हणजे हलकेपणा. साठवायला वस्तुमानच थोडं, त्यामुळे दिवस मावळल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की खोली लवकर बाहेरच्या हवेच्या बरोबरीला येते. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांनी हीच वाटणी केली होती. खांब-तुळयांवर मातीचा जाड थर, दिवसा त्याखाली गारवा, आणि उन्हाळ्यात रात्री अंथरुणं वर धाब्यावर. आजही लोक गच्चीवर पाणी मारून झोपतात ते याचसाठी; मात्र वळवाचा पाऊस आला की अंथरूण गुंडाळून खाली यावं लागतं. छपराखालची मोकळी ओसरी ही उणीव भरून काढते.

म्हणून ओसरीला मी शोभेची जोड मानत नाही. या बांधकामाचा तो मुख्य भाग आहे. ती पूर्वेला असावी. दुपारनंतरचं ऊन, उन्हाळ्यातल्या झळा आणि नैऋत्य मोसमी पावसाची झोड, तिन्ही मुख्यतः पश्चिमेच्या अंगाने येतात; मधे खोली आली की ओसरी आपोआप आडोशाला जाते आणि संध्याकाळपर्यंत तिची जमीन निवायला लागते. रुंदी आठ फूट तरी हवी. त्याहून कमी ठेवली तर खाट टाकल्यावर ये-जा करायला जागा उरत नाही. पश्चिमेची भिंत दुहेरी फळ्यांची करावी, मधे दोन इंच पोकळी आणि ती खालीवर उघडी, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. छपराचंही तेच. नुसता पत्रा घातला तर आत भट्टी होईल. पत्र्याखाली फळ्यांचं तक्तपोशी छत, दोहोंमध्ये मोकळी हवा आणि आढ्यापाशी ती बाहेर पडायला वाट हवी. हे अक्षांश २१ अंशांचं ठिकाण आहे, जूनमध्ये सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे हात आखडता घ्यायचाच असेल तर तो भिंतीत घ्यावा, छपरात नाही.

दुसरा आक्षेप वाळवीचा. खोलीची वाळवी बहुतेक जमिनीतून येते आणि मातीच्या नळ्या करून वर चढते. म्हणून तिची चढण्याची वाट डोळ्यांना दिसली पाहिजे. जुन्या घरांत खांबाखाली दगडी तळखडा असे. त्याच न्यायाने लाकूड मातीला टेकू न देता दीड फूट उंच ठेवलं, तर खाली वाकून पाहता येतं आणि नळी दिसताच मोडता येते. याच उंचीमुळे काळ्या जमिनीचाही त्रास कमी होतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांबांचे पाये मुरमापर्यंत नेले की वरच्या थराची हालचाल खोलीला फारशी जाणवत नाही. लाकूडही असंच फुगतं आणि आक्रसतं. ओसरीच्या फळ्या भर उन्हाळ्यात एकमेकींना चिकटवून ठोकल्या, तर श्रावणात त्या वाकड्या होतील. मधे पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवली की प्रश्न मिटतो, पाणीही निथळतं. आगीची भीती मात्र खरी आहे. तिथे चूल मांडू नये, वायरी पाइपातूनच न्याव्यात, कडब्याची गंजी जवळ रचू नये.

तिसरा आक्षेप इथला खास आहे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख शेजारीच, तिच्या विटा सहज मिळतात, मग लाकूड कशाला? त्या विटा चांगल्या आहेत. पायाचे खांब त्यांचे जरूर बांधावेत, राखेचा उपयोगही होईल. पण वरच्या भिंतीही त्यांच्याच केल्या तर रात्री तापलेलं आणखी एक घर उभं राहील. राहिला जंगलाचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. सातपुड्यातला नवा साग अशा खोलीसाठी पाडला जाऊ नये. जुनी घरं पाडताना निघालेलं सागवान घ्यावं. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे कमी हलतं. मात्र विकत घेताना बाहेरचं फिकट, कच्चं लाकूड तासून आतला गाभा पाहावा आणि पावती व वाहतुकीची कागदपत्रं नीट घ्यावीत.

हे सगळं जमवायला कारागिराची पिढीजात विद्या नसली तरी चालतं. माप, गुण्या आणि सबुरी पुरते. कैची चढवताना मात्र जाणत्या सुताराला बोलवावं. आणि ज्याला ही खोली दुपारी बसून काम करायला हवी आहे, त्याने लाकडाच्या नादी न लागता जाड भिंतीचीच बांधावी. उन्हाळ्यातल्या रात्री ज्यांना नकोशा होतात, त्यांनी मात्र दुसरा कूलर घेण्याआधी अंगणाच्या पूर्व बाजूचं माप घेऊन पाहावं.